शंभरपैकी ब्याण्णव, आणि गळती तशीच

खंडेनवमीच्या आदल्या दिवशी भोसरी, सातपूर किंवा शिरोलीच्या एमआयडीसीतला कुठलाही कारखाना पाहावा. एरवी कूलंटने चिकट झालेली लेथ पुसून लख्ख होते, जॉबच्या ढिगाखाली गडप झालेली फरशी दिसू लागते, कपाटामागची बर पोत्यांत भरून बाहेर जाते आणि दुसऱ्या दिवशी यंत्रांना झेंडूच्या माळा चढतात. त्यासाठी सल्लागार बोलवावा लागत नाही की गुणपत्रिका लावावी लागत नाही. आपल्या कामगाराला नीटनेटकेपणा जमतच नाही, ही समजूत वर्षातून एकदा तरी अशी उघड खोटी पडते. कस लागतो तो दसऱ्यानंतरच्या पंधरवड्यात. तेल पुन्हा ठिबकू लागते, पाने भलत्याच खणात जातात, नाकारलेला माल चांगल्या मालाशेजारी येऊन बसतो. हे का घडते, याचा छडा लावण्यासाठी ज्या पद्धतीचा उपयोग व्हायला हवा, तिला कारखान्यांत ‘फाइव्ह-एस ऑडिट’ म्हणतात. बहुतेक ठिकाणी मात्र तिच्याकडून निराळेच काम करून घेतले जाते.

फाइव्ह-एस जपानहून आले. नको ते काढा, हवे ते जागेवर ठेवा, झाडा-पुसा, या तिन्हीची ठरलेली रीत बसवा आणि ती अंगवळणी पाडा, असे हे पाच टप्पे. हिरोयुकी हिरानो आणि ताकाशी ओसादा यांच्या पुस्तकांनी 1990च्या दशकात ते इंग्रजी वाचणाऱ्या जगात पोचवले आणि वाहन उद्योगाच्या पुरवठा साखळीतून ते आपल्या लहान कारखान्यांतही उतरले. आता केंद्र सरकारच्या लघुउद्योगांसाठीच्या ‘झेड’ प्रमाणपत्रातही स्वच्छ कार्यस्थळ हा निकष आहे. ऑडिटची सर्रास दिसणारी रीत साधी आहे. पाच टप्प्यांचे प्रत्येकी पाच प्रश्न, प्रत्येकाला शून्य ते चार गुण, एकूण शंभर. महिन्यातून एकदा दोघे-तिघे कागद घेऊन फिरतात, पिवळे पट्टे पुसलेत का, शॅडो बोर्डवरचे प्रत्येक हत्यार आपल्या आकृतीवर आहे का, गेजवर कॅलिब्रेशनचे लेबल आहे का हे पाहतात, फोटो काढतात, बेरीज करतात. बेरीज फलकावर लागते आणि पहिल्या आलेल्या विभागाला फिरती ढाल मिळते.

बिघाड त्या ढालीपासून सुरू होतो. चार्ल्स गुडहार्ट या ब्रिटिश अर्थतज्ज्ञाने 1975 साली चलनविषयक धोरणाबद्दल बोलताना एक निरीक्षण नोंदवले होते. एखाद्या आकड्यावर नियंत्रणासाठी दाब आला, की त्या आकड्यात पूर्वी दिसणारा नियम कोसळतो. बँकांबद्दलचे हे म्हणणे शॉप फ्लोअरवर जसेच्या तसे लागू पडते. गुणांवर बढाई, बक्षीस किंवा बोलणी अवलंबून राहिली की माणसे गुण मिळवतात. पूर्वी तपासणीला दिपोटी येणार म्हटल्यावर शाळा सारवल्या जात, तशी ऑडिटच्या दिवशी फरशी रंगते, जादा ट्रॉल्या शेडमागे जातात, प्रेसखालच्या तेलावर भुसा पडतो आणि तो वेळेत उचललाही जातो. विभागाला ब्याण्णव गुण पडतात. प्रेसचे सील मात्र गेलेलेच असते, आणि ते गेले आहे हे सांगणारा एकमेव पुरावा, म्हणजे ते थारोळे, ऑडिटच्या निमित्तानेच पुसला गेलेला असतो.

माझे म्हणणे एवढेच आहे की ऑडिटने घाण मोजू नये, ती कुठून आली ते शोधावे. यात नवे काही नाही. यंत्रांच्या देखभालीची टीपीएम ही जपानी पद्धत 1970च्या दशकात आकाराला आली. ऑपरेटरने स्वतः करायच्या देखभालीची तिची पहिली पायरी यंत्राची कसून सफाई ही आहे, आणि या सफाईचा अर्थच तपासणी असा धरला जातो. हात फिरवताना सैल बोल्ट, तडकलेली नळी, तापलेले बेअरिंग कळते. ऑपरेटरला सोडवता येण्याजोग्या दोषावर पांढरा टॅग लागतो, मेंटेनन्सने सोडवायच्या दोषावर लाल. दुसरी पायरी आणखी बोलकी आहे: घाण जिथून येते ते उगम बंद करणे आणि जिथे हात पोचत नाही त्या जागा मोकळ्या करणे. म्हणजे पुसत राहणे हे या पद्धतीचे ध्येयच नाही, पुसावे लागू नये हे आहे. ऑडिटच्या छापील कागदावर ‘फरशी स्वच्छ आहे काय’ हा प्रश्न हमखास सापडतो. ‘फरशी कशामुळे घाण होते’ हा प्रश्न क्वचितच.

दिसणाऱ्या स्वच्छतेवर विसंबण्याची किंमत किती मोठी असू शकते, हे अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यात दिसले. पोर्ट वेंटवर्थ येथील इंपीरियल शुगरच्या कारखान्यात 7 फेब्रुवारी 2008 रोजी संध्याकाळी स्फोट झाला, त्यात 14 कामगार दगावले. स्फोट साखरेच्या धुळीचा होता. अमेरिकेच्या रासायनिक सुरक्षा मंडळाने 2009 साली दिलेला अहवाल प्रत्येक ऑडिटरने वाचावा असा आहे. सायलोंखालच्या बोगद्यातून साखर वाहून नेणारा पट्टा पूर्वी उघडा होता. साखरेत कचरा पडू नये म्हणून 2007 मध्ये त्यावर पोलादी आच्छादन बसवले गेले. उघड्या बोगद्यात विरळ राहणारी धूळ आता त्या बंद पेटीत साचू लागली, कारण धूळ ओढून घेण्याची सोय आत केलेली नव्हती. पहिला भडका तिथेच उडाला असावा, बहुधा तापलेल्या बेअरिंगमुळे, असा मंडळाचा निष्कर्ष आहे. नंतरचे स्फोट पॅकिंगच्या इमारतीतून पसरत गेले ते जमिनीवर आणि उंचावरच्या पृष्ठभागांवर साठलेल्या साखरेमुळे. यंत्रे साफ करायला काही कामगार हवेचा झोत वापरत. त्याने यंत्र स्वच्छ दिसते, धूळ तेवढी वर जाऊन बसते. आच्छादन घातलेला पट्टा आणि झोताने साफ केलेले यंत्र या दोन्ही गोष्टींना आपल्याकडच्या नेहमीच्या गुणपत्रिकेत बहुधा चारपैकी चार पडले असते. साखर महाराष्ट्राला परकी नाही. आपल्या साखर कारखान्यांच्या गोदामांत आणि पॅकिंग विभागांत ऑडिट करणाऱ्याने शिडी लावून तुळयांवर आणि डक्टवर बोट फिरवून पाहावे, तिथला थर जमिनीवरच्या लखलखाटापेक्षा जास्त माहिती देतो.

यावर पहिला आक्षेप व्यवस्थापकांचा येतो, आणि तो पोकळ नाही. गुण नसतील तर कुणी हलणारच नाही, असे ते म्हणतात. सुरुवातीचे सहा-आठ महिने हे खरेही असते, आकड्याने हालचाल होते. म्हणून आकडा फेकून द्यावा असे मी म्हणत नाही. त्याला बक्षिसापासून तोडावे, आणि दोन विभागांची तुलना तर मुळीच करू नये. फौंड्रीतल्या फेटलिंगच्या जागेची असेंब्लीशी स्पर्धा लावणे हा अन्याय आहे, तिथे धूळ हा कामाचाच भाग असतो. विभागाने स्वतःच्या मागच्या महिन्याशी ताडून पाहावे. त्यातही एकच आकडा मला खरोखर राखण्याजोगा वाटतो: मागच्या ऑडिटमधले किती मुद्दे या वेळी पुन्हा निघाले. हा आकडा भुशाने झाकता येत नाही.

मग अचानक ऑडिट करा, असा तोडगा सुचवला जातो. त्याने रंगरंगोटी टळते हे कबूल. तिसऱ्या पाळीत, शिफ्ट बदलताना केलेली पाहणी पहिल्या पाळीतल्या ठरवलेल्या फेरीपेक्षा नक्कीच प्रामाणिक असते. पण न सांगता येऊनही ऑडिटर फक्त ‘पाना जागेवर नाही’ एवढेच लिहून गेला, तर आपल्याला आजार न कळता नुसता ताप कळला. पाना जागेवर का नाही? कदाचित दोन यंत्रांत एकच पाना दिला आहे. कदाचित बोर्ड यंत्रापासून इतका लांब आहे की दर वेळी परत नेऊन लावणे कुणालाही परवडत नाही. ‘नको’ म्हणून लाल टॅग लावलेले जुने फिक्स्चर वर्षभर वाटेत पडून असते, कारण ते भंगारात काढायला अकाउंट्सची सही लागते आणि पुस्तकात त्याची किंमत अजून शिल्लक आहे. त्यासाठी गुण कापले जातात ते ऑपरेटरचे. ‘आपल्याकडे शिस्तच नाही’ हे वाक्य अशा वेळी फार सोयीचे पडते, कारण ते उच्चारले की सही कुणाची अडली हे कुणी विचारत नाही. फाइव्ह-एसमधला शेवटचा टप्पा शिस्तीचा आहे, आणि तो शेवटी आहे याचे कारण आधीचे चार जमवणे हे बऱ्याच अंशी व्यवस्थापनाचे काम आहे.

दहा-बारा माणसांच्या वर्कशॉपचा मालक म्हणेल, ही चैन मोठ्या कंपन्यांची. आम्हाला डिलिव्हरीतून डोके वर काढता येत नाही. मुळात कायद्याने ही सबब मानली नव्हती. 1948च्या फॅक्टरी अॅक्टच्या 11व्या कलमात कचरा रोज काढणे, कामाच्या खोलीची जमीन आठवड्यातून एकदा तरी साफ करणे आणि चुन्याची सफेदी 14 महिन्यांतून एकदा तरी करणे लिहिलेले होते. पण कायद्यापेक्षा हिशेब अधिक पटेल. प्रेसचा साचा बदलायला लागणारा वेळ कमी कसा करावा, यावर शिगेओ शिंगो यांनी मोठे काम केले. पारंपरिक पद्धतीत त्या वेळेपैकी सुमारे 30 टक्के वेळ साहित्य आणि हत्यारे जमवणे-तपासणे यात जातो आणि साचा प्रत्यक्ष काढणे-बसवणे यात फक्त 5 टक्के, अशी त्यांची मांडणी होती. डिलिव्हरी चुकते ती अनेकदा या शोधाशोधीत. छोट्या वर्कशॉपला शंभर गुणांचा कागद नकोच. आठवड्याला एक यंत्र, पंधरा मिनिटे, ऑपरेटर आणि मालक दोघेच. एक गेज मागायचे आणि घड्याळ लावायचे. अर्ध्या मिनिटात ते हाती आले नाही, तर का आले नाही हे तिथेच उभे राहून ठरवायचे.

मोठ्या कारखान्यांनाही सुचवायचे ते फार नाही. ऑडिटच्या चमूत क्वालिटीच्या अधिकाऱ्याबरोबर मेंटेनन्सचा एक फिटर आणि शेजारच्या विभागातला एक ऑपरेटर घ्या, आणि सध्याच्या छापील कागदावर गुणांच्या रकान्याशेजारी आणखी दोन रकाने काढा. एकात कारण, दुसऱ्यात ते दूर करण्याचा अधिकार ज्याच्याकडे आहे त्याचे नाव. ते नाव मॅनेजरचे निघाले, तरी ते लिहा.