नावावर अडलेली घरपट्टी

सकाळी ९.४५
मार्चअखेर आहे. नाशिक महापालिकेच्या विभागीय कार्यालयात हजेरी लावून मी वसुलीसाठी घरपट्टीच्या थकबाकीदारांची यादी घेतो. जकात २०१३ मध्ये गेली. तिच्या जागी आलेला एलबीटी, म्हणजे स्थानिक संस्था करही, २०१५ मध्ये बहुतेक व्यापाऱ्यांपुरता संपला. पालिकेच्या स्वतःच्या उत्पन्नात घरपट्टीचा आधार तेव्हापासून फार मोलाचा झाला आहे. रस्त्यावरचे दिवे आणि घंटागाडी चालवायला या पैशाचा हातभार लागतो.

१०.३०
जुन्या नाशकात, तिवंध्याजवळचा वाडा.
"काका, बिल कोणाच्या नावावर आहे?"
"आजोबांच्या. त्यांना जाऊन किती वर्षं झाली, साहेब!"
वारस पुण्या-मुंबईत पांगलेले. आपण पट्टी भरली तर वाटणीत दुसऱ्याचंच फावेल, अशी प्रत्येकाला धास्ती. मी समजावतो, "पावती हा मालकीचा पुरावा नाही. भरल्याने कोणाचा हक्क वाढत नाही, न भरल्याने दुसऱ्याचा बुडत नाही. शास्ती मात्र महिन्याला दोन टक्क्यांनी चढते, म्हणजे वर्षाला चोवीस." काका वहीत आकडा मांडून बघतात आणि पुतण्याला फोन लावतात.

१२.३०
एका व्यापारी गाळ्यात बिल पोचलं, मागणीची नोटीसही बजावून झाली. आज जप्तीचं वॉरंट आहे. पंचनाम्याचा कागद काढताच मालक चेकबुक मागवतात. इथे ऐपत होती, इच्छा नव्हती. अशा ठिकाणी कठोर व्हावंच लागतं.

२.००
डबा खाताना २०२२ च्या ढोल मोहिमेचा विषय निघतो. बड्या थकबाकीदारांच्या दारात तेव्हा ढोल वाजले आणि काहींनी लगेच भरणा केला. पण बिलावरचा माणूसच हयात नसेल, तर ढोल कोणाला ऐकवायचा?

३.१५
एक ताई पतीचा मृत्यू दाखला घेऊन येतात. वारस नोंदीचा अर्ज कसा करायचा, हे त्यांना कोणी सांगितलेलंच नाही. मी कागदांची यादी लिहून देतो, अर्ज भरून घेतो. जाण्याआधी त्या चालू वर्षाची पट्टी भरतात. यादीतला कायमचा थकबाकीदार होण्याआधीच हे खातं वाचलं.

५.३०
पावत्यांचा मेळ बसवतो, चेक वेगळे काढतो, उद्याच्या नोटिसा तयार करतो.

६.१५
एप्रिल ते जून लवकर भरणाऱ्यांना सवलत मिळते. त्याच तीन महिन्यांत प्रत्येक प्रभागात वारस नोंदीची शिबिरं लावली पाहिजेत, असं मला मनापासून वाटतं. वॉरंट मागची बाकी वसूल करतं. बिलावर योग्य नाव चढलं, की पुढच्या प्रत्येक वर्षाची पट्टी कोणाकडे मागायची ते ठरतं.