कोरडा डोळा आणि पाण्याचें भिंग

माळशिरस तालुक्यांत दोन प्रकारची जमीन शेजारीं शेजारीं पाहावयास मिळते. नीरेच्या उजव्या कालव्याचें पाणी ज्या शिवारास पोंचतें तेथें ऊंस डोलत असतो. आणि जेथें तें पोंचत नाहीं तेथें उघडें माळरान पसरलेलें असतें. सह्याद्रीच्या पर्जन्यछायेंतील हा मुलूख. चैत्र-वैशाखांत येथें कोरडा वारा सुटतो आणि वाऱ्याबरोबर धूळ उठते. अशा हवेंत ज्याच्या डोळ्यांतील ओल आटली आहे त्याची काय दशा होत असेल, याची कल्पना निरोगी डोळ्याच्या माणसास सहसा येत नाहीं.

समजा, या गांवीं एक तरुण शिक्षिका आहे. लहानपणापासून तिला जाड चष्मा. तो सुटावा म्हणून तिनें शहरांत जाऊन लेझरची शस्त्रक्रिया करून घेतली. चष्मा गेला, फळ्यावरील अक्षर स्वच्छ दिसूं लागलें. परंतु त्याबरोबर एक नवेंच दुखणें मागें लागलें. डोळ्यांत वाळू गेल्यासारखें खुपतें. दुपारपर्यंत डोळे लाल होतात. पंख्याखालीं बसवत नाहीं. वाचतां वाचतां अक्षरें पुसट होतात आणि पापणी मिटून उघडली कीं पुन्हां उमटतात. तपासणीच्या तक्त्यावरील शेवटली ओळही ती वाचते, म्हणून सासूबाई विचारतात, "अगं, आतां तर चांगलें दिसतें ना तुला? मग तक्रार कसली?" हें उदाहरण कल्पित आहे, हें दुखणें मात्र कल्पित नव्हे.

अश्रु म्हणजे केवळ रडण्याचें पाणी नव्हे. डोळ्याच्या अग्रभागीं जो पारदर्शक पडदा असतो त्यास पारपटल किंवा कॉर्निया म्हणतात. त्याची जाडी अवघी अर्धा मिलिमीटर, आणि त्यांत रक्तवाहिन्या नाहींत. हवेंतील प्राणवायु अश्रूंच्या पातळ थरांतूनच त्याला मिळतो. या थराच्या तळाशीं चिकट श्लेष्म असतें, मध्यें पाणी असतें, आणि वर पापणीच्या कडेच्या ग्रंथींतून पाझरणारें तेल असतें. श्लेष्मामुळें पाणी पारपटलास धरून राहतें. तेलामुळें तें उडून जात नाहीं. अंगण सारवावें त्याप्रमाणें दर वेळीं लवणारी पापणी हा थर नव्यानें सारवीत असते. प्रकाश डोळ्यांत शिरतो तो प्रथम याच थरांतून. म्हणून तो फाटला कीं अक्षर पुसट होतें, आणि पापणी लवली कीं तें पुन्हां स्पष्ट होतें.

आतां लेझरचा यांत काय संबंध, असा प्रश्न श्रोत्यांच्या मनांत येईल. १९८१ मध्यें अमेरिकेंतील आय्. बी. एम्. कंपनीच्या प्रयोगशाळेंत भारतांत जन्मलेले शास्त्रज्ञ रंगस्वामी श्रीनिवासन आणि त्यांचे सहकारी जेम्स विन व सॅम्युएल ब्लम यांना असें आढळून आलें कीं, एक्झायमर लेझरच्या अतिनील किरणांनीं आसपासचा भाग न जाळतां सजीव पेशींचा अत्यंत पातळ थर काढून टाकतां येतो. त्या शोधांतून पुढें पारपटलाचा आकार बदलून चष्म्याचा नंबर घालविण्याची युक्ति निघाली. लासिक या पद्धतींत पारपटलाचा एक पातळ पापुद्रा कापून उचलतात, खालचा भाग लेझरनें घडवितात आणि पापुद्रा पुन्हां जागीं बसवितात.

पारपटलांत संवेदनेच्या तंतूंचें दाट जाळें असतें. ओल कमी झाली कीं हे तंतु मेंदूस वर्दी देतात. मग अश्रुग्रंथि पाणी सोडते आणि पापणी लवते. कालव्याच्या टोकाच्या शेतकऱ्यानें पाटकऱ्यास निरोप धाडावा आणि त्यानें दार उघडावें, तसाच हा प्रकार. पापुद्रा कापतांना यांतील पुष्कळसे तंतु तुटतात. कालव्यांत पाणी आहे, पण निरोप्याच नाहीं. मग दार कोण उघडणार?

समाधानाची गोष्ट ही कीं, तंतु पुन्हां वाढतात आणि बहुतेकांचा त्रास सहा महिने ते वर्षभरांत ओसरतो. थोड्यांच्या बाबतींत मात्र तो टिकून राहतो. अशांपैकीं अनेकांचे डोळे शस्त्रक्रियेच्या आधींच कोरडे असतात.

उपचार पायरीपायरीनेंच करावयाचे असतात. प्रथम परिरक्षक द्रव्य नसलेले कृत्रिम अश्रूंचे थेंब व पापण्यांस ऊनऊन शेक. त्यानें न भागल्यास दाह शमविणारे थेंब, किंवा अश्रु वाहून नेणाऱ्या छिद्रांत बसविण्याच्या बारीक खुंट्या. कोरड्या डोळ्यांसंबंधीं तज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय मंडळानें २०१७ मध्यें जो अहवाल प्रसिद्ध केला, त्यांत उपचाराच्या भिंगांना तिसऱ्या पायरीवर स्थान दिलें आहे. त्या भिंगांपैकीं एक म्हणजे स्क्लेरल लेन्स.

नेहमीचें मऊ कॉन्टॅक्ट लेन्स स्वतःच ओलें राहण्यासाठीं अश्रूंवर अवलंबून असतें. म्हणून कोरड्या डोळ्यास तें बहुधा मानवत नाहीं. लहान कडक भिंग पारपटलावर टेकतें. पण लेझरनें मध्यभाग चपटा केल्यामुळें तें नीट बसत नाहीं. स्क्लेरल लेन्स पारपटलास स्पर्शच करीत नाहीं. त्याचा व्यास साधारण १५ ते २० मिलिमीटर असतो, आणि त्याची कड डोळ्याच्या पांढऱ्या भागावर टेकते. मधल्या घुमटाखालीं निर्मळ क्षारजलाचा छोटासा हौद राहतो. पारपटल दिवसभर त्या पाण्यांत भिजत असतें. वारा, धूळ आणि पापणीचें घर्षण त्याच्यापर्यंत पोंचत नाहीं. शिवाय शस्त्रक्रियेनंतर पृष्ठभागावर राहिलेला उंचसखलपणाही पाण्यानें भरून निघतो, आणि दृष्टि पुष्कळदां सुधारते.

ही कल्पना नवी नाहीं. झुरिक येथील नेत्रवैद्य आडोल्फ फिक यांनीं १८८८ मध्यें अशाच मोठ्या काचेच्या भिंगाचें वर्णन प्रसिद्ध केलें होतें. त्याखालीं ते द्राक्षशर्करेचें पाणी भरीत. परंतु काचेंतून प्राणवायु जात नाहीं, त्यामुळें तीं भिंगें फार वेळ सोसत नसत. १९८३ मध्यें ऑस्ट्रेलियांतील डोनाल्ड एझकील यांनीं प्राणवायु झिरपूं देणाऱ्या द्रव्याचीं स्क्लेरल भिंगें वापरल्याचा वृत्तांत दिला, आणि मागें पडलेली ही विद्या पुन्हां पुढें आली. भारतांत हैदराबादची एल्. व्ही. प्रसाद नेत्रसंस्था, चेन्नईचें शंकर नेत्रालय अशा मोठ्या संस्थांत हें काम चालतें.

हें भिंग दुकानांतून तयार आणण्याची वस्तु नव्हे. प्रत्येक डोळ्याच्या मापानें तें बेतावें लागतें. त्याकरितां कित्येक खेपा कराव्या लागतात, आणि खर्चही बराच येतो. तें लावतांना क्षारजलानें कांठोकांठ भरून, मान खालीं वांकवून, बुडबुडा न राहील अशा बेतानें बसवावें लागतें. रात्रीं तें काढावेंच लागतें. नळाचें किंवा विहिरीचें पाणी त्यास कधींही लावूं नये. अशा पाण्यांतील सूक्ष्म जीवांनीं पारपटलास गंभीर इजा होते. कांहींना दुपारीं धुरकट दिसूं लागतें. तेव्हां भिंग काढून, धुवून, नवें क्षारजल भरावें लागतें. आणि ज्यांचा दोष ओलींत नसून तंतूंच्याच बिघाडांत आहे, त्यांची वेदना भिंगानें थांबेलच असें नाहीं.

म्हणून खरें शहाणपण शस्त्रक्रियेपूर्वींच वापरावयाचें असतें. पापणींत कागदाची पट्टी पांच मिनिटें ठेवून पाणी किती भिजतें तें पाहणें, अश्रूंचा थर किती वेळ टिकतो तें मोजणें, पापणीच्या ग्रंथी तपासणें, या साध्या परीक्षा आहेत. चष्मा सोडविण्याच्या घाईंत त्या टाळूं नयेत. आणि ज्या घरांत असें दुखणें शिरलें असेल, त्या घरानें इतकें तरी ध्यानांत ठेवावें कीं, तक्त्यावरील ओळ वाचणारा डोळाही दुखत असूं शकतो. त्या शिक्षिकेला भिंग मिळेल तेव्हां मिळो. तिच्या बोलण्यावरचा विश्वास तिला आजच मिळावयास हवा.