लकव्यानंतर हात ताठ का होतो? बोटॉक्सचं इंजेक्शन नेमकं काय करतं?

‘अंगावरून वारं गेलं’ म्हणजे हात-पाय लुळा पडणार, असंच आपण धरून चालतो. पण झटका येऊन काही आठवडे किंवा महिने गेले की अनेकांमध्ये उलटंच घडतं. कोपर दुमडतं, मूठ घट्ट मिटते, टाच जमिनीला टेकत नाही. याला स्पॅस्टिसिटी म्हणतात.

हे का होतं?

स्नायू ताणला गेला की तो आपोआप आकुंचन पावतो. मेंदू या प्रतिक्रियेला लगाम घालत असतो. झटक्यात तो लगाम सुटतो. म्हणूनच मूठ झटक्याने उघडायला गेलं की ती आणखी आवळली जाते. हात सावकाश ताणावा लागतो. मूठ आधीच घट्ट असेल, तर चेंडू दाबण्याचा व्यायाम स्वतःच्या मनाने सुरू करू नये.

ताठरपणा अचानक वाढला, तर आधी बद्धकोष्ठता, लघवीचा संसर्ग, पाठीवरची जखम किंवा रुतलेलं नख आहे का, ते पाहावं.

इंजेक्शन काय करतं?

बोट्युलिनम टॉक्सिन, म्हणजेच सुरकुत्यांसाठी प्रसिद्ध झालेलं बोटॉक्स. 1989 मध्ये अमेरिकेत त्याला पहिली मंजुरी मिळाली ती मात्र तिरळेपणा आणि पापण्यांच्या आजारासाठी. हाताच्या स्पॅस्टिसिटीसाठी तिथे 2010 मध्ये मंजुरी मिळाली.

हे औषध नसेकडून स्नायूला जाणारा आकुंचनाचा निरोप अडवतं. परिणाम काही दिवसांत दिसू लागतो आणि साधारण तीन महिने टिकतो. त्याने मेंदूची इजा भरून निघत नाही, हातात ताकदही येत नाही. स्नायू सैल असतानाच्या काळात व्यायाम आणि स्प्लिंट यांनी काम साधून घ्यायचं असतं.

मग ‘ध्येय’ कशासाठी?

‘हात बरा व्हावा’ हे ध्येय मोजता येत नाही. ‘सहा आठवड्यांत मूठ इतकी उघडावी की नखं कापता यावीत’ हे मोजता येतं. सदऱ्याच्या बाहीत हात घालणं, भाकरी थापताना परात धरून ठेवणं, शौचालयापर्यंत चालत जाणं, हीसुद्धा ध्येयंच. 1968 पासून वापरात असलेल्या एका पद्धतीत अशा प्रत्येक ध्येयाला उणे 2 ते अधिक 2 असे गुण देतात. ठरवलं तेवढं साधलं तर शून्य.

ध्येयावरूनच कोणत्या स्नायूत सुई द्यायची ते ठरतं. काही जण पायाच्या ताठरपणाच्या आधारावरच उभे राहतात. तो स्नायू सैल केला तर चालणं बिघडू शकतं.

गावाकडच्या रुग्णाचं काय?

छत्रपती संभाजीनगरचं ‘घाटी’, म्हणजे 1956 मध्ये सुरू झालेलं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आणि रुग्णालय, मराठवाड्यातल्या असंख्य कुटुंबांचा आधार आहे. पण पैठण, कन्नड किंवा सिल्लोडहून रोज फिजिओथेरपीसाठी शहरात येणं प्रत्येकाला जमत नाही. अशा वेळी सुई शहरात मिळाली, तरी रोजचा व्यायाम घरच्यांच्याच हातात असतो. म्हणून सुई घेण्याआधीच फिजिओथेरपिस्टकडून तो करून पाहून शिकून घ्यावा. जमलं तर मोबाइलवर त्याचा व्हिडिओ काढून ठेवावा.

डॉक्टरांना काय विचारावं?

आमचं ध्येय कोणतं? कोणत्या स्नायूत सुई देणार? नंतरचा व्यायाम कोण शिकवणार? पुन्हा तपासणी कधी? रक्त पातळ करणारी गोळी सुरू असेल तर ते आधीच सांगावं. सुईनंतर गिळायला किंवा श्वास घ्यायला त्रास झाला, तर तातडीने रुग्णालय गाठावं.