भिंतीवरचा परवाना आणि गल्ल्यामागचा माणूस

औषधांच्या दुकानात दर्शनी भागी लावलेला परवाना आपण कधी वाचला आहे काय? बनावट व निकृष्ट औषधांचा सुळसुळाट झाल्यामुळे १९३० साली कर्नल रामनाथ चोप्रा यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमण्यात आली आणि पुढे १९४० चा औषध कायदा झाला. परवान्याचे मूळ त्या कायद्यात आहे.

किरकोळ दुकानाला निदान दहा चौरस मीटर जागा हवी. पण जागेपेक्षा माणूस महत्त्वाचा. डॉक्टरांच्या चिठ्ठीवरील औषध नोंदणीकृत फार्मासिस्टनेच, अथवा त्याच्या प्रत्यक्ष देखरेखीखाली, दिले पाहिजे. पुष्कळदा प्रमाणपत्र भिंतीवर असते आणि त्याचा धनी मात्र दुकानात नसतो! तेव्हा ‘फार्मासिस्ट कोण?’ असे विचारण्यास संकोचू नका. लिहून दिलेल्या औषधाऐवजी दुसरे देण्यासही नियमाची मनाई आहे.

क्षयावरील व काही प्रभावी जंतुनाशक औषधे अर्धवट घेतली, तर जंतू त्यांना दाद देईनासे होतात. म्हणून २०१४ पासून अशा विक्रीची, रुग्णाच्या व डॉक्टरांच्या नावांसह, स्वतंत्र नोंदवहीत नोंद करून ती तीन वर्षे जपावी लागते.

पावती अवश्य घ्या. औषधाविषयी शंका आल्यास तिच्यावरील बॅच क्रमांकावरून औषध निरीक्षकाला थेट कारखान्यापर्यंत माग काढता येतो.