काटा, बिल आणि एमडी साहेब

आमच्या अहमदपूर भागात ऊसवाल्याला मोठा अधिकारी म्हटलं की साखर कारखान्याचे एमडी साहेब आठवतात, म्हणजे कार्यकारी संचालक. चेअरमन निवडून येतात, पण रोजचा कारभार एमडीच हाकतात. मी ऊस घालणारा सभासद आहे. हा माणूस कुणाचं काय देणं लागतो, ते मला सांगायचं आहे.

कंपनीच्या भागधारकाला कच्चा माल स्वस्त मिळालेला हवा असतो. सहकारी कारखान्यात मात्र भागधारकच ऊस पिकवतो, त्यामुळं आमचा खरा लाभांश उसाच्या दरातच येतो. 1950 साली विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी लोणीला प्रवरेचा कारखाना उभा केला, तो याच विचारानं.

1966 च्या ऊस नियंत्रण आदेशाप्रमाणं ऊस घातल्यापासून 14 दिवसांत एफआरपी, म्हणजे उसाचा रास्त आणि किफायतशीर दर, मिळाली पाहिजे, उशीर झाला तर वर्षाला 15 टक्के व्याज. 2025-26 च्या हंगामाला 10.25 टक्के साखर उताऱ्यासाठी टनाला 3,550 रुपये ठरले. त्यातून तोडणी-वाहतूक कापली जाते. त्या हंगामात उतारा 0.1 टक्क्यानं वाढला की टनाला 34 रुपये 60 पैसे वाढायचे. आता हा उतारा काढते कारखान्याची प्रयोगशाळा आणि वजन होतं कारखान्याच्याच काट्यावर. म्हणून खरा काटा हे मी एमडीचं पहिलं देणं मानतो, दराच्याही आधी.

एका कारखान्याकडं माझं बिल पेरणीपर्यंत अडकलं होतं. बियाणं उधारीवर आणलं, सोसायटीचं कर्ज थकलं. व्याज मागायला जीभ उचलली नाही, कारण पुढच्या हंगामाची तोडणीची चिठ्ठी त्यांच्याच हातात!

एमडींचीही अडचण खरी आहे. साखरेचा किमान विक्री दर 2019 मध्ये किलोला 31 रुपये झाला आणि पुढं कित्येक वर्षं तिथंच राहिला. एफआरपी मात्र 2019-20 मध्ये टनाला 2,750 होती, ती 2025-26 ला 3,550 झाली. पण ही ओढाताण दिल्लीत भांडून सोडवावी, आमच्या बिलातून नव्हे. राहिला ग्राहक, त्याला भरल्या मापाची, स्वच्छ साखर मिळाली की त्याचं देणं फिटलं.

सगळ्यात जास्त देणं थकलंय ते ऊसतोड्यांचं. कायम कामगाराला संघटना आहे, वेतनकरार आहे. पहाटेच्या थंडीत फडात उतरणारी नवरा-बायको मुकादमाची उचल घेऊन येतात आणि कारखान्याच्या हजेरीपटावर नसतातच. बीडमधल्या ऊसतोड बायकांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांची बातमी 2019 मध्ये देशभर गेली. त्यांच्या कोप्यांना पाणी, संडास, लेकरांना शाळा हे ‘मुकादमाचं काम’ म्हणून एमडीला झटकता येणार नाही. कारखान्याची गव्हाण त्यांच्याच हातांनी भरते.

सभासदांनो, सप्टेंबरअखेर वार्षिक सभा होते. अहवाल आधी मागून घ्या, वाचा आणि तीन गोष्टी उभं राहून विचारा: काटा कुणी तपासला, 14 दिवसांनंतर किती बिलं राहिली, आणि तोडणीवाल्यांसाठी किती पैसा खर्च झाला.