पायोरियावर प्रोबायोटिकची गोळी किती चालते?

अर्जुनी मोरगाव हा धानाचा पट्टा, आणि पूर्व विदर्भातल्या इतर तालुक्यांसारखाच खर्र्याचाही. राज्यात २०१२ पासून गुटख्यावर बंदी आहे. सुपारी, तंबाखू, चुना घोटलेला खर्रा खाणे मात्र सुटलेले नाही. तो गालात जिथे धरला जातो, तिथली हिरडी मागे सरकते. पायोरियाने रक्त येऊ लागले की दोन सल्ले हमखास मिळतात. डॉक्टरांकडून दात साफ करून घेऊ नका, हलतील. आणि दही खा, किंवा प्रोबायोटिकच्या गोळ्या घ्या. पहिला सल्ला साफ चुकीचा. दातांना जखडून ठेवणारे कीटण निघाल्यावर दात हलतात, ते आधीच झिजलेल्या हाडामुळे. सफाईने ती झीज फक्त उघडी पडते.

दुसऱ्या सल्ल्यात तथ्य आहे, पण थोडे. दह्यातले जंतू आणि चाचण्यांत वापरलेले जंतू एकच नव्हेत. कर्नाटकातल्या दावणगेरे येथील, २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत ३० रुग्णांवर लॅक्टोबॅसिलस रॉयटेरी या जंतूच्या चघळायच्या गोळ्या आजमावल्या होत्या. सफाई आणि गोळी यांच्या जोडीचा परिणाम सर्वांत चांगला दिसला. नुसत्या गोळीनेही फरक पडला, मग सफाई कशाला, असे कुणी विचारील. पण ती चाचणी होती ४२ दिवसांची. तेवढ्यात सूज आणि रक्तस्राव कमी होऊ शकतो. हिरडीखाली दगडासारखे घट्ट झालेले कीटण कुठल्याही जंतूने विरघळत नाही, आणि ते असेपर्यंत नवा थर चढतच राहतो.

२०१३ च्या दुसऱ्या एका चाचणीत तर सगळ्याच ३० रुग्णांची सफाई झाली होती. १२ आठवड्यांनी त्यांतल्या गोळीवाल्यांच्या, हिरडी आणि दातांमधल्या खोल फटी जास्त भरून आल्या. तरीही युरोपीय हिरडीतज्ज्ञांच्या महासंघाने २०२० च्या मार्गदर्शक सूचनांत सफाईच्या जोडीला प्रोबायोटिक न वापरण्याचेच सुचवले. हे विसंगत वाटते, पण नाही: चाचण्या लहान, सगळ्यांत जंतू आणि मात्रा एकच नाही, निष्कर्षही एकसारखे नाहीत. अशा पुराव्यावर सरसकट शिफारस करणे घाईचे ठरले असते. महिनाभर गोळ्यांवर खर्च करून खर्रा चालूच ठेवणे तर मला उलटाच हिशेब वाटतो. पैसे मोजकेच असतील तर ते आधी सफाईवर आणि मधुमेह असल्यास साखर आटोक्यात ठेवण्यावर लावावेत. सफाईसाठी नागपूरच्या शासकीय दंत महाविद्यालयात हिरड्यांच्या उपचाराचा स्वतंत्र विभाग आहे. गोळी घ्यायचीच असेल तर सफाईनंतर, डॉक्टरांना विचारून. कर्करोगाचे उपचार चालू असलेल्यांनी किंवा प्रतिकारशक्ती खालावलेल्यांनी तर विचारल्याशिवाय मुळीच नको, कारण अशा शरीरात उपकारक जंतूही क्वचित रक्तात शिरून आजार करतात.