जुन्या गाडीचे सांधे

मोटार म्हटली की आपण तिचा रंग पाहतो, वेग विचारतो, ती लिटरला किती किलोमीटर जाते याची चौकशी करतो. परंतु माणसासारखे गाडीलाही सांधे असतात आणि ते झिजले की सगळी गाडी दुखणेकरी होते. आयुष्यभर मराठी शिकवणाऱ्या माझ्यासारख्या माणसाला हे ज्ञान 2024 च्या पावसाळ्यात झाले, आणि तेही जरा भीतीच्या वाटेने.

माझ्या थोरल्या बहिणीचे सासर जुन्नर तालुक्यात. दाजींची टोमॅटोची शेती. त्यांच्या दारात 1998 साली घेतलेला, जीपच्या जातीचा एक पिकअप आहे. रात्री माल भरायचा, माळशेज घाट उतरायचा आणि पहाटे कल्याणचा बाजार गाठायचा, असा त्याचा शिरस्ता. त्या ऑगस्टात भाचा घाट उतरत असताना एका वळणावर त्याने ब्रेक दाबला. गाडी सरळ थांबण्याऐवजी दरीच्या अंगाला ओढली गेली आणि कठड्यापाशी कशीबशी थांबली. मुलगा शाबूत, मालही शाबूत; पण ताईची झोप उडाली. "गाडी नीट करा, नाही तर विकून टाका," असा तिने निकाल दिला. मी तेव्हा तिथेच होतो. दुसऱ्या दिवशी आम्ही तिघे आळेफाट्याला एका जुन्या मिस्त्रींकडे गेलो.

मिस्त्रींनी प्रथम ब्रेक तपासले. त्यांत दोष नव्हता. मग त्यांनी चाकांना लाकडी ठोकळे लावले आणि पुढच्या कमानपाट्याचे टोक व चेसिस यांच्यामध्ये पहार घालून हलकेच रेटली. पाटा अर्धे बोट मागे सरकला!

"सर, ब्रेक बरोबर आहे, पण चाकच जागेवर राहत नाही," मिस्त्री म्हणाले.

पाट्याच्या टोकाला वळवून केलेला डोळा असतो. त्यातून पिन जाते, आणि पिन व डोळा यांच्यामध्ये जो नळीसारखा तुकडा बसतो त्याला बुश म्हणतात. या गाडीत एका पाट्याला अशा तीन जागा : एक पक्क्या टोकाची, दोन हलत्या शॅकलच्या. चार पाट्यांच्या मिळून बारा. बुश रबराचा असला म्हणजे रस्त्याचा धक्का तो स्वतः दाबून, पिळवटून घेतो. लोखंडावर लोखंड आदळू देत नाही. तो गेला की खड्ड्यात खडखडाट होतो, स्टिअरिंग भरकटते, टायर एका बाजूने झिजतात आणि ब्रेक दाबताच आस तिरका होतो.

पण बुश इतके फाटले कशाने? मिस्त्रींनी काढलेले रबर फुगून मऊ झाले होते. दाजी जरा ओशाळले. पाटे कुरकुरतात म्हणून ते दर महिन्याला त्यांवर इंजिनाचे जळके ऑइल मारीत! साध्या रबराला खनिज तेलाचे वावडे असते; तेल पिऊन ते फुगते आणि विरते. कुरकुर थांबावी म्हणून केलेल्या औषधानेच सांधा गेला होता.

आता प्रश्न आला नवे बुश कोणते घालायचे. भाचा पुण्यात इंजिनिअरिंग शिकतो. तो म्हणाला, "मामा, पॉलियुरेथेनचे घालू. त्याला तेल लागलं तरी काही होत नाही, आणि रबरापेक्षा जास्त टिकतं." दाजींचे मत गनमेटलच्या बाजूने : लेथवर एकदा करून घेतले की धातूला मरण नाही.

मिस्त्रींनी दोघांचे ऐकून घेतले. गनमेटल अवजड ट्रकांना शोभते, म्हणाले. पण त्याला नेमाने ग्रीस हवे. ते चुकले की पिन खाल्ली जाते, आणि धक्का तर सगळा चेसिसला बसतो. पॉलियुरेथेनचा शोध 1937 साली जर्मनीत ऑटो बायर यांनी लावला. शोअर ए या मापाने रबरी बुशाचा कडकपणा साधारण 60 ते 70, तर याचा 80 ते 95. गुळगुळीत रस्त्यावर वेगाने जाणाऱ्या गाडीला तो कडकपणा मानवतो. परंतु शेतातल्या वाटेवर एक चाक वर आणि एक खाली गेले की पाट्याचे टोक पिळले जाते. रबर तो पीळ सोसते. कडक बुश तो पुढे लोखंडाकडे ढकलतो. शिवाय त्यात पॉलिएस्टर जातीचे असेल तर ओलाव्याने कालांतराने त्याचा चुरा होतो, आणि पाकिटावर जात लिहिलेली असतेच असे नाही. माळशेजचा पाऊस ठाऊक असलेल्या माणसाने याचा विचार करावा.

"बुश झिजला म्हणजे फुकट गेला नाही, दादा," मिस्त्री भाच्याला म्हणाले. "पाट्याची आणि चेसिसची झीज त्यानं आपल्यावर घेतली. स्वस्त वस्तूनं झिजावं, महागानं नाही."

भाच्याने मान डोलावली. रबर ठरले, मात्र चांगल्या प्रतीचे.

पुढचे काम पाहण्यासारखे होते. मिस्त्रींनी व्हर्नियरने डोळ्याचे आतले माप आणि पिनेची जाडी घेतली. झिजलेल्या पिनेवर नवा बुश घालणे व्यर्थ, म्हणून पिनाही नव्या. डावीकडचा बदलला की उजवीकडचाही बदललाच पाहिजे, नाही तर गाडी एका अंगाला झुकते. बुश बसवताना त्यांनी ग्रीस नव्हे, साबणाचे पाणी लावले. यू-बोल्टही नवे घातले.

सगळ्यांत महत्त्वाची गोष्ट शेवटी. पिनांचे नट त्यांनी गाडी जॅकवर असताना आवळलेच नाहीत. चारी चाके जमिनीवर टेकवली, गाडीचे वजन पाट्यांवर येऊ दिले आणि मगच ते कसले. अधांतरी आवळले तर रबर कायमचे पिळलेले राहते आणि लवकर फाटते. आठवड्याने सगळे नट पुन्हा तपासायला या, असे बजावून त्यांनी चाकांचे अलाइनमेंट करून घ्यायला सांगितले. ऑइलचा डबा दाजींनी स्वतः गोठ्याच्या माळ्यावर टाकला.

चार दिवसांनी भाचा माल घेऊन निघाला. ताई उंबऱ्याशी फोन हातात घेऊन बसली. पहाटे पावणेचारला तो वाजला.

"आई, पोचलो. घाटात गाडी सरळ थांबते."

ताईने फोन ठेवला, दिवा मालवला आणि कितीतरी दिवसांनी सकाळी आठपर्यंत झोपली.